शाल, श्रीफळ आणि दोनशे केबी

माझ्या मैत्रिणीने आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीसुद्धा आधी मला चहा पाजून, चकली खायला लावून, मग. आम्ही दोघी लालबागच्या एकाच चाळीतल्या, भोईवाड्यातल्या एकाच मराठी शाळेतल्या, एकाच बाकावरच्या. पुढे मी बँकेत चिकटले आणि ती त्याच शाळेत शिक्षिका झाली. तेव्हापासून ती पहिलीचा वर्ग घेते. दुसरी-तिसरी तिने कधी मागितली नाही. पोरांना पहिलं अक्षर काढता येतं तेव्हा त्यांचं तोंड बघण्यासारखं असतं, ते सोडून वर कशाला जाऊ, असं ती म्हणायची.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या रिकाम्या वर्गात बसून तिने मला सांगितलं की संस्थेच्या सभेत ठराव झालाय. मे संपेपर्यंत किमान दहा अर्ज आले नाहीत तर यंदा पहिली उघडायची नाही. आदल्या वर्षी मुलं कशीबशी बारा होती. त्याच्या आदल्या वर्षी सोळा.

"एकदा पहिली बंद झाली की पुढच्या वर्षी दुसरी बंद. मग तिसरी," ती म्हणाली. "शाळा अशी खालून बंद होत जाते. दोन वर्षांनी मी रिटायर होणार. तेव्हा हा वर्ग कुणातरी बाईच्या हातात देऊन जायचंय गो मला. कुलूप लावून नाही."

मी काय करू म्हणून विचारलं, तर म्हणाली, वेबसाइट. एका माजी विद्यार्थ्याने शाळेला वेबसाइट फुकट करून दिली होती आणि तो आपल्या नोकरीच्या गावी निघून गेला होता. जाताना कागदावर सूचना लिहून गेला होता: प्रत्येक फोटो दोनशे केबीच्या आत. ती कुणी वाचलीच नव्हती. ऑफिसातल्या कुणीतरी कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवले होते, आणि त्यांच्या वजनाने पान इतकं जड झालं होतं की मोबाइलवर उघडेपर्यंत माणूस चहा करून पिऊन येईल. आजकालचे आईबाप शाळा बघायला जिना चढून येत नाहीत, आधी फोनवर बघतात. तिथेच ते कंटाळून जात होते.

"तू बँकेत होतीस, तुला कॉम्प्युटर येतो," तिने निकाल दिला.

मी लगेच हो म्हटलं, आणि त्यामागे निव्वळ मैत्री नव्हती, हेही सांगून टाकते. माझी दोन्ही मुलं या शाळेत गेली नाहीत. मी त्यांना दादरच्या इंग्रजी शाळेत घातलं. माझी मैत्रीण तेव्हा पहिलीच्याच वर्गावर होती, आणि तिने मला त्यावर कधी एका शब्दाने विचारलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं ते न विचारणं मला इतकी वर्षं खुपत आलं आहे.

तर मी रोज दुपारी शाळेच्या ऑफिसात जाऊन बसू लागले. फोटो लहान करायचं एक फुकटातलं सॉफ्टवेअर मी उतरवून घेतलं. फुकट म्हटल्यावर मला आधी संशयच आला, पण ते चांगलं निघालं. रुंदीचा एक चौकोन, उंचीचा एक चौकोन, आणि दोघांच्या मध्ये साखळीचं बारीक चित्र. ती साखळी जोडलेली असली की रुंदी कमी केल्यावर उंची आपोआप तेवढ्याच मानाने कमी होते. हे मला अर्थातच नंतर कळलं. पहिल्या दिवशी माझा हात लागून साखळी तुटली, आणि आमचे संस्थेचे अध्यक्ष, जे मुळात उंच आणि सडसडीत आहेत, ते पडद्यावर एकदम आडवे पसरले. मैत्रीण हसता हसता खुर्चीतून घसरली. "हे असे जेवले तर बरं होईल," असं ती म्हणाल्याचं आठवतं.

दोनतीन दिवसांत मला जमू लागलं. रुंदी आठशे, साखळी शाबूत, दर्जाची पट्टी थोडी खाली ओढायची, की पाच एमबीचा फोटो दीडशे केबीत बसतो. मी पायऱ्या वहीत लिहून काढल्या. मग मला असा शोध लागला की एकेक फोटो घेत बसायची गरजच नाही, अख्खा फोल्डर एकदम देता येतो. शाळेच्या कॉम्प्युटरवर गेल्या पंधरा-सोळा वर्षांचे सगळे कार्यक्रम होते. मी सगळे फोल्डर निवडले. सॉफ्टवेअरने मला काहीतरी विचारलं. बँकेत असल्यापासून कॉम्प्युटरने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी "येस" म्हणत आले आहे, त्याशिवाय तो पुढे जाऊच देत नसे. मी "येस टू ऑल" दाबलं आणि चहा प्यायला गेले. परत येईस्तोवर सगळं झालं होतं. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी घरी फोन करून सांगितलं.

मग फोटो निवडायला संस्थेचे कार्यवाह स्वतः येऊन बसले. त्यांना मानाचा क्रम तोंडपाठ होता. अध्यक्ष पहिले, मग उपाध्यक्ष, मग मोठे देणगीदार, मग छोटे देणगीदार, मग आलेगेले पाहुणे. चाळीस फोटो झाले. वेबसाइट फोनवर पटकन उघडू लागली. कार्यवाहांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

आमच्या जुन्या चाळीच्या जागी आता टॉवर झालाय. माझ्या मजल्यावर एक तरुण बाई राहते, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, आणि तिची मुलगी बालवाडी संपवून पहिलीला जायची होती. मी मोठ्या थाटात तिला शाळेची वेबसाइट दाखवली. तिने वरून खाली बोट फिरवलं, परत खालून वर फिरवलं, आणि अगदी सरळपणे मला विचारलं,

"काकू, ही शाळा आहे की पतपेढी? यात पोरं कुठेयत?"

मला राग आला. आजकालच्या मुलींना बोलायची पद्धत नाही वगैरे मी नवऱ्यापुढे पुटपुटले. मग चष्मा पुसून स्वतः बघायला बसले. चाळीस फोटोंत एकतीस शाली होत्या. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. दीपप्रज्वलन. पुन्हा शाल. क्रीडामहोत्सवाच्या फोटोत पाहुणे शिट्टी घेऊन उभे. वृक्षारोपणाच्या फोटोत सात जणांचे हात एका झारीला लागलेले. मुलं होती, नाही असं नाही. कुणी तबक धरून, कुणी पडद्याआडून, कुणी मागच्या रांगेत मोहरीएवढी.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आपल्याकडे संस्थेत फोटोग्राफर बोलावतात तोच मुळी पाहुणे येणार म्हणून. त्याला बजावलेलं असतं की साहेबांचा एकही सत्कार सुटता कामा नये. मुलं काय, रोजचीच. त्यांचे फोटो कशाला काढायचे?

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मुलं शोधू या, कोपऱ्यातली का होईना, कापून मोठी करून लावू. एक फोटो उघडला, मागच्या रांगेपाशी सरकवला आणि मोठा केला. मोठा झाला तसे तिथे नुसते चौकोन दिसू लागले. तपकिरी चौकोन, पांढरे चौकोन. दुसरा उघडला, तेच. मैत्रीण पडद्याला नाक लावून एका चौकोनांच्या पुंजक्याकडे बोट दाखवत म्हणाली, "ही ती असणार बघ, जिने गॅदरिंगला..." आणि थांबली. तिला ओळखता येत नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सॉफ्टवेअरने मला काय विचारलं होतं ते मला आता कळलं. नवीन लहान फोटो मूळ फोटोच्या जागीच ठेवायचे का, असं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, हो. सगळ्यांना हो. पंधरा वर्षांतल्या मुलांचे चेहरे मी एका दुपारी पुसले होते, आणि वर चहा पिऊन आले होते.

मी तिला सांगितलं. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण तिच्यापुढे मला कधी खोटं बोलता आलेलं नाही.

"परत मोठे नाय होत?" तिने विचारलं.

"आकार मोठा होतो. चेहरे परत येत नाहीत."

ती उठली आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रडतेय. मी मागोमाग गेले, तर बाई कठड्याला टेकून वर बघत होत्या.

तिच्या वर्गाबाहेरच्या गॅलरीत कबुतरांचा फार त्रास. म्हणून तिने सुतळीला बांधून सीड्या टांगल्या होत्या, एकाखाली एक, त्या वाऱ्यावर फिरतात आणि चमकतात म्हणून कबुतरं येत नाहीत. निदान तिचा तसा समज. कबुतरं आरामात त्यांच्याशेजारी बसायची.

"खुळी मां मी," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "ह्या त्याच."

"कुठल्या त्याच?"

"कार्यक्रमांच्या. फोटोग्राफर बिलाबरोबर सीडी द्यायचा ना. सगळं कॉम्प्युटरवर चढवलं, मग कपाटात जागा अडते म्हणून कार्यवाह टाकून देत होते. मी म्हटलं, द्या, कबुतरांना होतील."

पुढचा अर्धा तास आम्ही दोघी साठीच्या आसपासच्या बायका बाकावर चढून सुतळ्या कापत होतो. एकोणीस सीड्या निघाल्या. त्यांच्यावर काय काय होतं ते लिहीत नाही, कबुतरांचा विषय आहे. मुलांच्या पाणी प्यायच्या नळावर साबण लावून आम्ही त्या धुतल्या आणि तिच्या ओढणीवर वाळत घातल्या. सीडी घालायची सोय नव्या कॉम्प्युटरला नाही, पण शाळेच्या प्रयोगशाळेत एक जुना, फुगीर पडद्याचा पडून होता, त्याला होती. पहिली सीडी घातली, ती आत घरघर करून गप्प झाली. दुसरी तशीच. उन्हाच्या बाजूला टांगलेल्या सगळ्या गेल्या होत्या. जिन्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या राहिल्या होत्या, त्यातली पहिली आत गेली, फिरली, आणि पडद्यावर एकामागोमाग एक फाइली उमटू लागल्या. पाच एमबी. साडेपाच एमबी. आयुष्यात मला इतका जड आकडा बघून इतका आनंद झालेला नाही.

सात सीड्या वाचल्या. बाराची आशा सोडली. त्या बारांची हळहळ मला अजून आहे.

या खेपेला मी आधी सगळं दुसऱ्या फोल्डरमध्ये उतरवलं, मग पेन ड्राइव्हवर, मग माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर. आणि वहीतल्या पायऱ्या खोडून नव्याने लिहिल्या: आधी कापायचं, मग लहान करायचं. मी उलट करत होते, म्हणजे सगळं सरसकट लहान करून मग त्यात माणूस शोधत होते. आधी हवा तेवढा भाग कापून घेतला की कोपऱ्यातलं मूलसुद्धा आठशेच्या चौकटीत ऐसपैस बसतं, आणि तरी दोनशे केबीच्या आत राहतं.

आणि काय काय निघालं त्या कोपऱ्यांतून! वांग्याच्या वेषातली एक मुलगी हार्मोनियमला टेकून गाढ झोपलेली. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीमागे दोघं एका लाडवाचे दोन भाग करताहेत, आणि दोघांचंही लक्ष मोठ्या भागावर. लेझीमच्या रांगेत एकाचं तोंड नेमकं दुसरीकडे. झेंडावंदनाला सगळे वर बघताहेत आणि एकटी मुलगी खाली वाकून मैत्रिणीच्या बुटाची नाडी बांधतेय. माझी मैत्रीण प्रत्येकाचं नाव घेत होती. कुठला कुणाचा, आता काय करतो, कुणाची आई अजून बाजारात भेटते. मी मध्येच तिला गप्प बसायला सांगितलं, कारण मला कापायचं काम सुचेना.

एका फोटोत एक देणगीदार भाषण करत होते. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक बाई जमिनीवर गुडघे टेकून एका रडक्या माकडाची शेपटी बांधत होती. माकड तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून होतं. मी तेवढं कापलं.

"माझो नको," ती म्हणाली.

"का?"

"नको म्हणते ना. बघ केस कसे झालेत."

इतक्या वर्षांत शाळेच्या एकाही फोटोत ती मधोमध नव्हती. फोटो निघायच्या वेळी ती नेहमी कुणाचीतरी शेपटी बांधत असायची. मी तिच्यावर ओरडले. शाळेच्या ऑफिसात, मोठ्याने, शिपाई बघत असताना. म्हटलं, तुझ्या वर्गासाठी करतोय हे सगळं आणि तू केस काय बघतेस? तो फोटो मी पहिल्या पानावर, सगळ्यात वर लावला.

कार्यवाहांना घाम फुटला. अध्यक्ष वेबसाइट बघायला आले तेव्हा कार्यवाह दाराशीच घुटमळत राहिले. अध्यक्ष ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चष्मा वर करून एकेक फोटो बघितला. बक्षीस समारंभाच्या फोटोत मी बक्षीस घेणारा मुलगा पूर्ण ठेवला होता, समोरून पुढे आलेला एक हात आणि बाहीचं बटण तेवढं शिल्लक होतं.

"हा हात कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, सर," मी म्हटलं. खोटं कशाला बोला.

ते पडद्याकडे वाकले. "बरा आलाय," म्हणाले. मग कार्यवाहांकडे वळून, "शालींचे सगळे एका मागच्या पानावर टाका. ज्याला बघायचंय तो शोधून बघेल." जाताना त्यांनी मैत्रिणीला विचारलं की त्या माकडाचं पुढे काय झालं. तिने सांगितलं, रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला लागलाय.

एप्रिलमध्ये लोक फोन हातात घेऊन शाळेत येऊ लागले. झुंबड उडाली असं काही नाही. कधी आठवड्यात दोन, कधी एकही नाही. माझी शेजारीणही एका शनिवारी मुलीला घेऊन आली. तिने इंग्रजी किती, गणित कोणत्या भाषेत, संडास स्वच्छ आहेत का, सगळं विचारलं, आणि मैत्रिणीने सगळ्याची खरी उत्तरं दिली, संडासाचंसुद्धा. मग शेजारीण माझ्याकडे वळली.

"काकू, तुमची मुलं इथेच होती ना?"

मैत्रीण टेबलावरचे खडू सारखे करू लागली.

"नाही," मी म्हटलं. "मी घाबरले. इंग्रजी कच्चं राहील म्हणून."

"मग? चांगले शिकले ना?"

"चांगले शिकले. पण मी मराठीत चार पानं लिहिली तर ती वाचायला त्यांना त्रास होतो. फोनवर म्हणतात, आई, तूच वाचून दाखव." मी मैत्रिणीकडे बोट दाखवलं. "ही स्वतः पहिलीच्या वर्गावर होती गं. ही असताना मी घाबरले."

मैत्रिणीने मान वर केली नाही. शेजारणीने अर्ज भरला नाही, घडी करून पर्समध्ये टाकला आणि निघून गेली. मला वाटलं, आपण आपल्याच हाताने एक मूल घालवलं. जिना उतरताना मैत्रीण माझ्या पाठीवर हात ठेवून चालत होती. आठ दिवसांनी अर्ज आला, भरून, फोटो चिकटवून. तो आठवा होता. मे संपला तेव्हा अकरा झाले होते.

जूनमध्ये शाळा उघडली त्या सकाळी मी फोटो काढायला फोन चार्ज करून गेले. कार्यवाह आधीच वर्गाच्या दारात उभे राहून बोटाने मुलं मोजत होते. दोनदा मोजली आणि ऑफिसात गेले. आत अकरा मुलं होती, तीन रडत होती, एक दप्तर सोडायला तयार नव्हता. माझी मैत्रीण त्यांच्यामध्ये सतरंजीवर खाली बसली होती, मांडीवर हजेरीचं कोरं पुस्तक. तिने नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला कुणीतरी हजर म्हणत होतं, कुणी ओरडून, कुणी पुटपुटत. शेजारणीची मुलगी काहीच बोलली नाही, तर मैत्रिणीने पुन्हा तेच नाव घेतलं, तितक्याच सावकाश, आणि वाट बघत राहिली. ती हजर म्हणाली तेव्हा माझे डोळे भरून आले. मी फोन खाली केला आणि नुसतीच दारात उभी राहिले.

अकरा नावं झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आता जा गो तू," ती म्हणाली. "माझो वर्ग सुरू झालो."